वाडीचे मत

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या गावाने कोणत्या निवडणुकीत कोणाच्या पारड्यात मते टाकली याचा हिशेब मांडणे फारसे अवघड नाही. आकडे सरकारी दप्तरात आहेत आणि उमेदवारांची नावे वृद्धांच्या तोंडी आहेत. परंतु जो गाव एका निवडणुकीत एखाद्याच्या मागे एकदिलाने उभा राहिला तोच पुढच्या निवडणुकीत त्याला विन्मुख का झाला, आणि सारा देश एका दिशेने वाहत असता सह्याद्री व समुद्र यांच्यामधला हा चिंचोळा मुलूख अनेकदा उलट्या दिशेने का गेला, हे समजावयाचे असेल तर पक्षांचे जाहीरनामे काही काळ बाजूला ठेवून प्रथम येथील जमिनीच्या वहिवाटीकडे आणि मग मुंबईकडे पाहावे लागते. माझी अशी निश्चित धारणा आहे की रत्नागिरीच्या मतदाराने आपले मत नेहमी दोन उंबरठ्यांच्या मध्ये उभे राहून दिले: एक खोताच्या वाड्याचा आणि दुसरा गिरणगावातील चाळीच्या खोलीचा. ज्या निवडणुकीत या दोहोंपैकी जो उंबरठा अधिक जवळचा वाटला, त्या बाजूला त्या वर्षीचे मत झुकले.

खोती ही पद्धती ब्रिटिशांनी निर्माण केलेली नव्हे. मुसलमानी अमदानीपासून मराठेशाहीच्या अखेरीपर्यंत ओसाड गावांची लागवड करून सरकारचा सारा भरण्याची हमी घेणारा जो मध्यस्थ, तो खोत. आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने तो गावचा केवळ सारा गोळा करणारा न राहता गावाचा धनीच होऊन बसला. चित्पावन, मराठे, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांत खोत होते. म्हणून हा प्रश्न एका जातीविरुद्ध दुसरी जात असा सरळ मांडता येत नाही, जरी अनेक गावांत त्याला तसेच स्वरूप आले. धारेकरी जमिनीच्या ठराविक धाऱ्यापलीकडे कोणाचे देणे लागत नसे. पण बाकीचा कुळवाडी, म्हणजे बहुधा कुणबी आणि त्याच्या खालोखाल महार, हा अर्धेलीने किंवा तिर्धेलीने, म्हणजे पिकाचा अर्धा अथवा तिसरा हिस्सा घालून, जमीन कसत असे. उभ्या पिकाचा अंदाज खोताच्या माणसाने करावयाचा, त्यास अभावणी म्हणत. त्या अंदाजावर कुळाची तक्रार ऐकणारा दुसरा कोणी गावात नव्हता. शिवाय वेठ होती: खोताची नांगरणी, खोताचे लाकूडफाटे, खोताच्या घरचे मंगलकार्य, आणि जुन्या काळी त्याची पालखीसुद्धा.

इंग्रजी अंमलात सर्व्हे झाला, १८६५ च्या कायद्याने खोताच्या आणि कुळाच्या हक्कांना कागदावर आणण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यावरून उठलेल्या दीर्घ वादानंतर १८८० साली खोती सेटलमेंटचा कायदा झाला. या वादात खोतांची बाजू मांडणारे लोक सामान्य नव्हते. दापोली तालुक्यातील मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक आणि मुंबई कायदेमंडळाचे सभासद. त्यांनी आपली सारी विद्वत्ता खोतांच्या वंशपरंपरागत हक्कांच्या समर्थनार्थ वेचली. लोकमान्य टिळकांचे घराणे दापोली तालुक्यातील चिखलगावचे खोत. खोतांच्या हक्कांवर सरकार आक्रमण करीत आहे ही भूमिका त्यांनीही 'केसरी'तून हिरिरीने घेतली. ज्या जिल्ह्याने देशाला टिळक दिले आणि गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी जन्मलेले गोखले दिले, त्या जिल्ह्यातील कुळवाड्याच्या मनात राष्ट्रीय चळवळीविषयी जी एक सावध अलिप्तता दीर्घकाळ राहिली तिचे मूळ येथे शोधावे लागेल. टिळकांची थोरवी त्याने कमी मानली नाही. पण सरकारशी झुंजणारा पुढारी आणि आपल्या दाराशी येणारा धनी यांच्यात त्याला जे नाते दिसत होते ते अगदीच काल्पनिक नव्हते.

या काळात मत कोणाला होते? मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात ग्रामीण मतदाराची पात्रता सामान्यतः ३२ रुपये जमीन-आकारावर ठरली. रत्नागिरीसारख्या तुकड्यातुकड्यांच्या शेतीच्या जिल्ह्यात ती १६ रुपयांवर आणावी लागली, कारण ३२ रुपये आकाराची जमीन नावावर असलेली माणसे येथे फारच थोडी निघाली असती. पण १६ रुपयांनीही कुळाला मत मिळाले नाही. सारा त्याच्या घामातून निघत होता, मात्र दप्तरात तो बहुधा खोताच्या नावे जमा होत होता. मतदारयादी ही वस्तुतः खोत, धारेकरी, बंदरावरचे व्यापारी आणि काही वकील व सरकारी पेन्शनर यांची यादी होती. त्या काळी मुंबई कायदेमंडळात खोतीविरुद्ध आवाज उठविला तो सीताराम केशव बोले यांच्यासारख्या सभासदांनी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा १९२३ चा ठराव ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे बोले.

१९३५ च्या कायद्याने पात्रता आणखी खाली आली आणि १९३७ च्या निवडणुकीत कुळवाड्यांपैकी काहींच्या हाती प्रथमच मत पडले. त्याचा परिणाम तत्काळ दिसला. काँग्रेसची लाट सर्वत्र उसळत असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे श्यामराव परुळेकर आणि अनंतराव चित्रे रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. पक्षाला अजून वर्षही झाले नव्हते, त्याच्यापाशी पैसा नव्हता, आणि हे दोघे उमेदवार राखीव जागेवरचेही नव्हते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला, म्हणून हा विजय आपुलकीचा मानला तर त्याचा अर्थ अर्धाच कळेल. मते मिळाली ती खोती नष्ट करू या आश्वासनाला. महार आणि कुणबी यांच्यातील पिढीजात अंतर त्या एका वर्षी एका आर्थिक प्रश्नापुढे थोडे मागे सरले, ही घटना कोकणच्या सामाजिक इतिहासात जेवढी मोठी आहे तेवढी तिची नोंद आपण घेतलेली नाही, याची मला खंत वाटते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. इलाख्याच्या पंतप्रधानपदी (प्रांताच्या मुख्यमंत्र्यास तेव्हा हेच नाव होते) होते बाळासाहेब खेर, ज्यांचा जन्म रत्नागिरीचाच. खोताला भरपाई द्यावी, त्याचे मध्यस्थपण रद्द व्हावे आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यास सरकारशी थेट संबंध असलेला रयत मानावे, अशी या विधेयकाची साधी मागणी होती. १९३८ च्या जानेवारीत कोकणातील व घाटावरील हजारो शेतकरी मुंबईत जमून कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातून आलेल्या कित्येकांचे भाऊबंद तेथे गिरण्यांत आणि गोदीत कामाला होतेच, त्यामुळे गावचा कुळवाडी आणि लालबाग-परळचा कामगार ही दोन माणसे नसून एकाच घरची असल्याचे त्या दिवशी मुंबईने पाहिले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही, आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तो विषय युद्धकाळात बाजूला पडला.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्याच सरकारने खोती नष्ट करण्याचा कायदा केला आणि १९५० साली तो अंमलात आला. त्याआधी १९४८ चा कूळकायदा झालेला होता. म्हणून १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसच्या बैलजोडीला भरभरून मते पडली याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही: रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी, असे दोन्ही खासदार काँग्रेसचे झाले.

परंतु निकालापेक्षाही त्या निवडणुकीतील मतदानाची रीत मला अधिक अर्थपूर्ण वाटते. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर निशाणी चिकटवलेली असे, आणि पडद्याआड जाऊन ज्याच्या त्याच्या पेटीत कागद टाकावयाचा असे. ज्या माणसाचे पीक खोताच्या माणसाने बांधावर उभे राहून मोजले, ज्याच्या मुलाचे लग्नसुद्धा धन्याच्या कानी घातल्याखेरीज ठरत नसे, त्याच्या साऱ्या आयुष्यातली ती पहिली कृती जिला गावातला एकही डोळा साक्षी नव्हता. अक्षरओळख नसलेला, करार-कबुलायतीवर अंगठा उठविण्याचीच सवय असलेला हा माणूस त्या पडद्याआड क्षणभर एकटा उभा राहिला. राज्यघटनेने त्याला दिलेल्या सर्व हक्कांमध्ये हा एकांताचा हक्क मला सर्वांत मोठा वाटतो.

तथापि त्या पडद्यापर्यंत तो एकटा आला नाही, हेही तितकेच सत्य आहे. कोकणातील गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे. तो वाड्यांचा समूह आहे, डोंगरउतारावर आणि वहाळांच्या काठी पसरलेला, आणि वाडी ही बहुधा एका भावकीची अथवा एका जातीची असते. वाडीचा निर्णय वाडीच्या बैठकीत होतो: मंदिराच्या सभामंडपात किंवा गावकराच्या खळ्यात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर. शिमग्याची पालखी कोणत्या घरापासून निघावी, मानाचा नारळ कोणाचा, पाणंद कोणी दुरुस्त करावी, हे प्रश्न ज्या बैठकीत सुटतात त्याच बैठकीत मत कोणाला द्यावयाचे याचाही विचार होई. कित्येक ठिकाणी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाई, आणि एकदा देवीसमोर शब्द गेला म्हणजे पडद्याआडही तो मोडवत नसे. सरकारने मतदारास दिलेली गुप्तता आणि गावकीने त्याच्याकडून घेतलेली शपथ यांची ही ओढाताण पुढे कित्येक वर्षे चालली.

शहरी टीकाकार याला झुंडीचे मतदान म्हणतात. मला हा शब्द अन्याय्य वाटतो. चार गुंठे भातखाचर आणि एक नाचणीचा डोंगर एवढ्यावर जगणारा एकटा माणूस कोणत्याही उमेदवाराच्या दृष्टीने नगण्य होता. साऱ्या वाडीने मिळून दिलेले मत मात्र साकवासाठी, विहिरीसाठी, शाळेच्या खोलीसाठी तोलून घेता येत होते. दुर्बळांपाशी एकजुटीखेरीज दुसरे भांडवल नसते आणि ते त्यांनी जपून वापरले. मात्र या एकजुटीच्या कडा कठोर होत्या. बैठकीत स्त्रिया नसत. गावकीच्या बैठकीत महारवाड्याला स्थान नव्हते. त्याला आपला निर्णय वेगळा करावा लागला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धवाडीची बैठक ही स्वतंत्र विचाराची आणि पुष्कळदा गावातील सर्वांत शिस्तबद्ध राजकीय सभा झाली. मुसलमान मोहल्ल्यांचा आणि खाडीकाठच्या खारवी-भंडारी वस्त्यांचा विचारही ज्याच्या त्याच्या जमातीत होई. एकाच गावात एका रात्री चार-पाच बैठका बसत आणि सकाळी ते सारे एकाच शाळेच्या ओट्यावर रांगेत उभे राहत.

आता १९५७ कडे यावे, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा त्या वर्षी आहे. जमिनीचा हिशेबच मताला वळण लावीत असता तर त्या निवडणुकीत काँग्रेस जिंकावयास हवी होती. खोती तिने घालविली होती आणि कसणाऱ्यास मालक करणारा १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' अवघ्या काही आठवड्यांवर आलेला होता. घडले ते उलटेच. रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर आणि राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै विजयी झाले. त्या लोकसभेत जनसंघाचे साऱ्या देशातून केवळ ४ सभासद निवडून आले. अटलबिहारी वाजपेयी त्यांतले एक, आणि महाराष्ट्रातले दोघे म्हणजे धुळ्याचे उत्तमराव पाटील व रत्नागिरीचे आशर. परंतु रत्नागिरीने जनसंघाचा विचार स्वीकारला असा याचा अर्थ काढणारा मनुष्य कोकण जाणत नाही. समाजवादी, जनसंघीय, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे सारे परस्परविरोधी पक्ष मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली एकत्र होते, आणि मत पडले ते मुंबईला.

मुंबई महाराष्ट्रापासून तुटेल ही कल्पना नाशिककर किंवा सोलापूरकर माणसाला अपमानाची वाटली असेल. रत्नागिरीकराला ती उपासमारीची वाटली. गिरण्यांच्या आरंभकाळापासून मुंबईच्या कामगारांत सर्वांत मोठा भरणा याच जिल्ह्याचा होता. येथली खाचरे पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता भात देत. बाकीच्या महिन्यांचे धान्य, सारा, औषध, सावकाराचे व्याज आणि गणपतीचा खर्च मुंबईच्या मनिऑर्डरीवर चाले. पुरुष दहा-बारा जणांच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपून पैसा पाठवीत, खाणावळीत जेवत, आणि गावच्या नावाने मंडळ काढून गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार करीत. या मुंबई मंडळाचे पत्र गावच्या बैठकीत मोठ्याने वाचले जाई आणि ज्याच्या पैशावर घर चालते त्याच्या शब्दाला घरात जे वजन असते तेच त्या पत्राला वाडीत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर मुंबईत झालेल्या १९५६ च्या गोळीबाराच्या बातम्या कोकणात वर्तमानपत्रांनी पोचविल्या त्याच्या आधी मुंबईत नोकरीस असलेल्या या चाकरमान्यांनी पोचविल्या होत्या. कुळवाड्याने काँग्रेसच्या कायद्याने जमीन घेतली आणि मत काँग्रेसविरुद्ध दिले, यात कृतघ्नता नव्हती. जमीन त्याला हवीच होती, पण त्या जमिनीने त्याचे पोट भरत नव्हते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला अत्यावश्यक वाटते. पुरुष मुंबईत असल्याने रत्नागिरीच्या गावांत स्त्रियांची संख्या नेहमीच पुरुषांहून अधिक राहिली. २००१ च्या जनगणनेतही जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. तेव्हा या जिल्ह्याचा मतदानाचा इतिहास हा मोठ्या अंशाने स्त्रियांच्या मतदानाचा इतिहास आहे. बैठकीत ती नव्हती, पत्र तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, परंतु लावणी-कापणी, गुरे, म्हातारी माणसे आणि सारा भरण्याची तारीख हे सर्व सांभाळणारी तीच होती, आणि रांगेत उभी राहून पेटीत कागद टाकणारीही बहुधा तीच. तिने पत्रातला शब्द किती वेळा पाळला आणि किती वेळा स्वतःच्या मनाचे ऐकले हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. पण नाथ पै यांच्या सभेला बायका दोन-दोन कोस चालत येत, आणि तशा येत त्या कोणाच्या हुकमाने नव्हे.

नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा राजापुरातून निवडून आले. वेंगुर्ल्याचा हा तरुण बॅरिस्टर संसदेत घटनेवर बोले तेव्हा देश ऐकत असे, आणि मालवणच्या किंवा लांज्याच्या बाजारात बोले तेव्हा शेतकरी ऐकत असे. दोन्हीकडे भाषेचा दर्जा तो उतरवीत नसे. लोक आपल्यापर्यंत पोचू शकतात हा त्याचा विश्वास होता आणि लोकांनी तो खरा केला. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे अकाली निधन झाले, आणि दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत इंदिराजींची लाट देशभर उसळली असताही राजापूरने मधू दंडवते यांना दिल्लीला पाठविले. दंडवते तेथून सलग पाच वेळा जिंकले. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाची गती मात्र निराळी. १९६२ आणि १९६७ मध्ये तेथून काँग्रेसच्या शारदा मुखर्जी आल्या, १९७१ मध्ये कुणबी समाजाचे शामराव पेजे आले. ज्या समाजाचे एकेकाळी मतदारयादीत नाव नव्हते त्याचा मनुष्य लोकसभेत जाऊन बसला. एवढ्या अल्प काळात इतके मोठे अंतर काटले गेल्याची उदाहरणे फार नाहीत. १९७७ साली बापूसाहेब परुळेकर जनता पक्षातर्फे आले, आणि १९८० साली तो पक्ष देशभर कोसळला असताना रत्नागिरी आणि राजापूर या दोन्ही जागा त्याने राखल्या. आपल्या मनाने जाण्याची ही वृत्ती कोकणाने वारंवार दाखविली आहे.

पुढचा भाग मला थोडक्यात सांगावयाचा आहे, कारण त्याचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडल्या, मनिऑर्डरी आटल्या, आणि कित्येक चाकरमानी अर्धवट वयात गावी परतले. ज्या लाल बावट्याच्या आणि समाजवादी संघटनांच्या आधाराने गावचे मत उभे होते तो आधार मुंबईतच ढासळला. त्याच चाळींत १९६६ पासून शिवसेनेच्या शाखा मूळ धरून होत्या. नळाच्या पाण्यापासून रुग्णालयातल्या खाटेपर्यंत अडल्या माणसाची सोय पाहणारी ती जागा होती. गावच्या मुंबई मंडळातून तीच वाट कोकणात आली. १९९१ मध्ये राजापुरात दंडवते पराभूत झाले. १९९६ मध्ये रत्नागिरीतून अनंत गीते आणि राजापुरातून सुरेश प्रभू, असे दोन्ही खासदार शिवसेनेचे झाले. ज्या कोकण रेल्वेसाठी नाथ पै आणि दंडवते यांनी आपल्या कारकिर्दी वेचल्या ती १९९८ साली पूर्ण धावू लागली, आणि मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून येणारा चाकरमानी तीच गाडी पकडू लागला.

२००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. रत्नागिरी आणि राजापूर हे जुने मतदारसंघ संपले. जिल्ह्याचा दक्षिण भाग सिंधुदुर्गाशी जोडला गेला, आणि दापोली व गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रायगड लोकसभा मतदारसंघात गेले. मंडलिकांचे मुरूड, टिळकांचे चिखलगाव, गोखल्यांचे कोतळूक आणि बाबासाहेबांचे आंबडवे आता ज्या मतदारसंघात मत देतात त्यातच अलिबाग तालुक्यातील चरी हे गाव आहे, जेथील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप चालविला. कुलाब्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, त्या कुळांच्या बाजूने राबणारे अनंतराव चित्रे १९३७ मध्ये निवडून आले ते रत्नागिरीच्या कुळवाड्यांच्या मतांवर. तेव्हा हे दोन मुलूख कागदावर वेगळे होते, आता ते एकाच यादीत आहेत.